घर खायला उठतं तेव्हा पुस्तक ऐकावं का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी बोलता बोलता मी एवढंच लिहिलं होतं की पाठीच्या ऑपरेशननंतर घरात पडून होते तेव्हा मला ऑडिओबुकांनी तगवलं. एका ओळीचा उल्लेख होता, पण सगळ्यात जास्त पत्रं त्यावरच आली, आणि वाचता वाचता लक्षात येत गेलं की किती जण कुठल्या ना कुठल्या कारणाने घरात अडकून पडलेत. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले. चार पत्रं घेतेय, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, मांडीचं हाड मोडलंय, आत रॉड टाकलाय, दीड महिना पाय टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. उताणं पडून पुस्तक हातात धरलं की हात भरून येतात, गोळ्यांमुळे ओळी डोळ्यांसमोर हलतात. भाच्याने मोबाइलवर ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं, पण लक्षच लागत नाही हो. दहा मिनिटं ऐकते आणि मग कळतं की आपण भलतीकडेच होतो, परत मागे नेते, परत तेच. चार दिवस झाले, पहिलं प्रकरण संपेना. त्यात हे म्हणतात की ऐकणं म्हणजे काही वाचन नव्हे. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : कमी बिमी काही नाही ताई. अंगात दुखणं आहे, झोप तुटक आहे, पोटात वेदनाशामक गोळ्या आहेत, अशात मन थाऱ्यावर राहील तरी कसं. आणि ऐकण्यात एक खोच आहे ती आपल्याला आधी कोणी सांगत नाही. छापलेलं पान वाचताना डोळा आपल्या नकळत मागच्या शब्दावर जाऊन येतो, अडलं की थांबतो, मन भटकलं तर पान तिथेच असतं. आवाज थांबत नाही, तो पुढे चालत राहतो, आणि आपल्याला वाटतं आपण मागे पडलो. वाचायची सवय तुम्हाला कित्येक वर्षांची आहे, ऐकायची चार दिवसांची, एवढाच काय तो फरक.

मी पण पहिल्या आठवड्यात हेच केलं होतं. एक जाडजूड कादंबरी बरीच वर्षं वाचायची राहिली होती, म्हटलं आता वेळच वेळ आहे, तर लावली. पहिल्या अर्ध्या तासात इतकी माणसं आली की कोण कोणाचा भाऊ ते कळेना, मागे ने, पुढे ने, शेवटी रडूच आलं, कारण मला वाटलं आता हेही जमत नाही आपल्याला. दोन दिवसांनी मी कॉलेजात असताना दोनदा वाचलेलं एक पुस्तक लावलं आणि तिथून सुरळीत सुरू झालं. गोष्ट माहीत होती, त्यामुळे मधेच डोळा लागला किंवा मन दुसरीकडे गेलं तरी काही हरवत नव्हतं, परत आलं की आपण कुठे आहोत ते लगेच कळायचं. म्हणून तुम्हालाही सांगते, आत्ताचं पुस्तक बाजूला ठेवा, अर्धवट राहिलं तर राहू दे, आणि तुमचं आधी वाचून झालेलं, आवडलेलं काहीतरी लावा. नवीन पुस्तक नंतर घेता येईल, आणि ते घ्याल तेव्हा उशाशी एक कागद ठेवा, त्यावर पहिल्या तासात आलेली नावं नुसती लिहून काढा, कोण कोणाचं काय लागतं तेवढंच. पुढे तो कागद बघायची फारशी वेळ येत नाही, पण लिहिलेलं असलं की जीव शांत राहतो.

दुसरं, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय, पुस्तकाआधी आवाज निवडा. निरोगी माणूस कुठल्याही आवाजात ऐकू शकतो, पडून असलेला माणूस नाही. बहुतेक ॲपमध्ये सुरुवातीची काही मिनिटं नमुना म्हणून ऐकता येतात, ती डोळे मिटून ऐका. फार नाटकी वाचणारे असतात, प्रत्येक वाक्य म्हणजे स्टेजवरचं, ते पहिल्यांदा छान वाटतं पण चार तास ऐकवत नाही. मला जी बाई लाभली ती साधं वाचायची. संवाद सुरू व्हायच्या आधी एक बारीकसा श्वास घ्यायची, आणि एका ठिकाणी तर पान उलटल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये तसाच राहिलेला होता. माझा सगळ्यात वाईट वेळ दुपारी चारचा, घरातले सगळे कामावर, दुखणं वर आलेलं आणि पुढची गोळी सहाला. त्या दोन तासांत मी छताकडे बघत पडलेली असायचे आणि तिच्या त्या श्वासाची वाट बघायचे. ती मला ओळखत नव्हती, मी तिला कधी बघितलेलं नाही, पण खोलीत कोणीतरी आहे आणि त्या माणसाला कुठे जायची घाई नाही, ही भावना मला तेव्हा कशातूनच मिळत नव्हती, फोनवरच्या मैत्रिणींकडूनही नाही, कारण त्यांना "आता कशी आहेस" विचारायचं असायचं आणि मला त्याचं उत्तर द्यायचं नसायचं. तिने कधी काही विचारलं नाही.

स्पीडचं विचाराल तर ठरीव असं काही नाही. साधारणपणे वाचणारा मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द वाचतो, म्हणजे तासाला नऊ हजार, म्हणून मध्यम आकाराची कादंबरी आठ-दहा तासांची होते. तरुण मुलं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. फक्त एक करून बघा, मन फारच भटकत असेल तर वेग किंचित वाढवा, एकच्या जागी १.१, कारण कधी कधी वाचन इतकं संथ असतं की मधल्या जागेत आपले विचार घुसतात. आणि थकलेल्या दिवशी उलट ०.९ करा. प्रत्येक वेळी दहा मिनिटं मागे नेऊ नका, तीस सेकंद मागे न्यायचं बटण असतं तेवढंच दाबा आणि पुढे चला, सुटलेला भाग बहुतेक वेळा पुढच्या पानात आपोआप कळतो.

ऐकता ऐकता झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नका, दुखण्यात झोप लागणं यापेक्षा चांगलं काय असतं. स्लीप टायमर म्हणून एक सोय असते, वीस मिनिटांवर लावून ठेवा, म्हणजे पुस्तक रात्रभर एकटंच पुढे जात नाही. "प्रकरण संपल्यावर बंद" असा पर्याय असेल तर रात्री तो नको, प्रकरणाच्या शेवटी लेखक हमखास काहीतरी उत्सुकता लावून ठेवतो आणि मग आपण जागेच. कानात खुपसायचे इअरबड घालून झोपू नका, कुशीवर वळता आलं की कान दुखतो, फोनचा स्पीकर हळू आवाजात उशीजवळ पुरतो. दिवसभर हेडफोनवर ऐकणार असाल तर आवाज बेताचाच ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही हद्द सांगितलेली आहे, आणि पडून असलेल्या माणसाचे ४० तास आठवडा संपायच्या आत होतात.

आता तुमच्या मिस्टरांचं. २०१६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काही जणांना एका पुस्तकातले भाग ऐकवले, काहींना स्क्रीनवर वाचायला दिले, काहींना दोन्ही एकत्र, आणि नंतर किती समजलं ते तपासलं, लगेच तपासलं आणि दोन आठवड्यांनी परत तपासलं, तर तिघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच बर्कली इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांना त्याच गोष्टी एकदा ऐकायला आणि एकदा वाचायला देऊन मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा शब्दांच्या अर्थाशी मेंदूचे जे भाग जोडलेले दिसतात त्यांचे नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच आले. अर्थात परीक्षेचा अभ्यास करायचा असेल, आकडेमोड आणि तक्ते असतील, तर मी पण कागदच घेईन. पण गोष्ट ऐकणाऱ्या माणसाला "तू वाचलं नाहीस" म्हणायला काही आधार नाही. हे त्यांना वाचून दाखवा, आणि शक्य असेल तर रात्री अर्धा तास स्पीकरवर दोघं मिळून ऐका, त्यांनाही घरात कोणीतरी पडून असल्याचा ताण असतोच.

प्रश्न : नमस्कार ताई. बाबांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, आत गॅस भरलाय, काही दिवस जवळजवळ पूर्ण वेळ मान खाली घालून राहायचंय. ते ६८ वर्षांचे, रोज दोन-तीन तास वाचणारे, आता ना टीव्ही ना पेपर, चिडचिड सुरू आहे. ऑडिओबुक लावून देतो पण ते थांबवायला, मागे न्यायला प्रत्येक वेळी मला हाक मारतात आणि मग स्वतःवरच रागावतात. काय करू?

उत्तर : दादा, तुम्ही बरोबर ठिकाणी आलात, कारण बोलकी पुस्तकं मुळात निघालीच ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले कितीतरी सैनिक होते, मोठ्या वयात ब्रेल शिकणं अनेकांना जमत नव्हतं, त्यांच्यासाठी आणि एकूणच अंध वाचकांसाठी १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांवर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागले. ब्रिटनची सेवा नोव्हेंबर १९३५ मध्ये सुरू झाली. एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागायच्या, त्या पोस्टाने घरी यायच्या, एक बाजू संपली की उठून हाताने उलटायची. हे बाबांना जरूर सांगा. माझ्या ओळखीच्या एका काकांना मी सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मोबाइल हातात घट्ट धरला, आधी ते त्याला शिवतही नव्हते. आपल्याआधी कोणीतरी अगदी याच अडचणीतून गेलंय आणि त्यातून त्यांनी वाट काढली, हे कळलं की माणूस जरा सावरतो.

आता हातातली गोष्ट. बाबा हाक मारतात यात त्यांना त्रास होतो तो पुस्तकाचा नाही, परावलंबी झाल्याचा, म्हणून बटण त्यांच्या हातात द्या. सगळ्यात सोपं म्हणजे वायरवाला जुन्या पद्धतीचा हेडफोन, ज्याच्या वायरवर छोटं बटण असतं. एकदा दाबलं की थांबतं, परत दाबलं की सुरू होतं, बऱ्याच फोनवर दोनदा दाबलं की पुढे जातं आणि तीनदा दाबलं की मागे, तुमच्या ॲपमध्ये नेमकं काय होतं ते आधी स्वतः तपासून घ्या. त्या बटणावर चिकटपट्टीची एक छोटी घडी चिकटवा, म्हणजे बोटाला न बघता सापडेल. हेडफोन मान वाकवून टोचत असेल तर एक छोटा स्पीकर घ्या आणि तो जमिनीवर, त्यांच्या तोंडाच्या बरोबर खाली, वर तोंड करून ठेवा. आपण सवयीने स्पीकर टेबलावर ठेवतो आणि मान खाली असलेल्या माणसाला तो आवाज पाठीमागून आल्यासारखा ऐकू येतो. घरात आवाजावर चालणारा स्मार्ट स्पीकर असेल तर प्रश्नच मिटला, "थांब" म्हटलं की थांबतो. आणि हे जास्त दिवस चालणार असेल तर अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर अशी सोय आहे, फोन स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतो, पण शिकायला दोन-चार दिवस लागतात, तेवढ्यासाठी आत्ताच त्यांच्या मागे लागू नका.

अजून एक, या वयात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू यायला लागतात, त्यामुळे स, श, त, फ असली अक्षरं निसटतात आणि माणूस म्हणतो "पुटपुटतोय काय हा". आवाज मोठा करून भागत नाही. खालच्या पट्टीतला, सावकाश वाचणारा आवाज शोधा, पार्श्वसंगीत नसलेला. संगीताच्या मागे शब्द बुडतात.

मान किती वेळ कशी ठेवायची हे मात्र डॉक्टर सांगतील तेच, पुस्तक रंगलं म्हणून त्यात बदल नको.

प्रश्न : ताई, मी आजारी नाही, पण दोन वर्षं घरातच आहे. सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांचं सगळं मीच बघते. काम करता करता ऐकायला लागले तर इतकं बरं वाटतं, पण सारखं वाटत राहतं की त्यांनी हाक मारली आणि मला ऐकूच आली नाही तर. शिवाय त्या पडून आहेत आणि मी मजेत गोष्टी ऐकतेय, हे बरं दिसतं का?

उत्तर : बरं दिसतं. दोन वर्षं तुम्ही ज्या घरात दुसऱ्याचं दुखणं सांभाळताय त्या घरात तुमच्यासाठी कोण काय करतंय, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, आणि ते मला फार लागलं. हा वेळ तुमचा आहे, तो घ्या.

हाकेची भीती खरी आहे, त्यावर उपाय सोपा आहे. एकाच कानात घाला, दुसरा मोकळा, आणि सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा म्हणजे सगळा आवाज त्या एका कानात येतो. तुम्हाला दिवसातून चाळीसदा थांबावं लागणार, म्हणून कादंबरीपेक्षा कथासंग्रह घ्या, वीस-पंचवीस मिनिटांच्या कथा. काही ॲपमध्ये अशी सोय असते की थांबवून परत सुरू केलं की ते आपणहून थोडे सेकंद मागून सुरू होतं, ती शोधून चालू करा, फार उपयोगी पडते. आणि एखाद्या दुपारी त्यांच्या खोलीत स्पीकरवर लावून बघा. त्यांना किती समजतंय याचा हिशेब करू नका, एकाच आवाजाखाली दोघी बसलात तरी खोली बदलते. त्यांना नको असेल तर त्या सांगतील, किंवा चेहऱ्यावर दिसेलच तुम्हाला, इतकं तुम्ही त्यांना ओळखता.

प्रश्न : किडनी ट्रान्सप्लांट झालंय, संसर्ग नको म्हणून बरेच महिने गर्दीपासून लांब, घरातच. या काळात मी इतकं ऐकलंय की आता स्वतः वाचून रेकॉर्ड करावंसं वाटतं. पण मी काही कलाकार नाही, आणि दम लवकर लागतो. हे वेड्यासारखं आहे का?

उत्तर : अजिबात नाही, उलट चारही पत्रांतलं हे वाचून मी सगळ्यात जास्त खूश झाले. लिब्रिव्हॉक्स म्हणून एक उपक्रम आहे, २००५ मध्ये ह्यू मॅकग्वायर यांनी सुरू केलेला, तिथे कॉपीराइट संपलेली पुस्तकं जगभरचे स्वयंसेवक आपापल्या घरी बसून वाचतात आणि ती कोणालाही फुकट ऐकता येतात. कलाकार असण्याची अट नाही, कुठल्याही भाषेत वाचता येतं, आधी एक मिनिटाचं टेस्ट रेकॉर्डिंग मागतात ते आवाज नीट येतोय ना बघायला. मोठं पुस्तक अनेक जण वाटून घेतात, तुम्ही एकच प्रकरण घेतलंत तरी चालतं, आणि दम लागतो म्हणालात तर दहा मिनिटांत थांबा, रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्यांनी करून जोडता येतं. वाचायला अंगात ताकद नसेल त्या दिवसांसाठी दुसरंही काम आहे, दुसऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकून कुठे शब्द सुटलाय, कुठे वाक्य दोनदा आलंय ते सांगणारे लागतात. ते तर पडून करता येतं.

घरच्या घरी करायचं तर पंखा बंद, खिडकी बंद, आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत बसू नका, आवाज घुमतो. कपड्यांचं उघडं कपाट पुढ्यात घ्या किंवा गादी-पांघरुणं असतील तिथे बसा, कापड आवाज शोषून घेतं. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, नाहीतर प आणि फ आला की फटका बसल्यासारखा आवाज येतो. पाणी जवळ ठेवा, तुम्हाला रोज किती पाणी प्यायचं ते सांगितलेलं असेलच, त्यातलंच. चुकलं तर वाक्य पहिल्यापासून परत वाचा आणि चुकलेलं नंतर कापा. श्वासाचे आवाज मात्र सगळे कापत बसू नका, प्लीज.

पहिलं रेकॉर्डिंग झालं की मला पाठवा, अर्धवट असलं तरी चालेल. मी चार वाजता ऐकेन.